आधी दार, मग भिंत: आमची वाटचाल

आम्ही मुळात सुतार. दारं, कपाटं, खिडक्यांच्या चौकटी हाच धंदा. रेकॉर्डिंगच्या खोल्यांशी संबंध आला तो एका गायिकेमुळे. तिला राहत्या घरातली एक खोली गाणं रेकॉर्ड करण्यासाठी तयार करायची होती. भिंतींवर फोमचे चौकोन तिनं आधीच चिकटवून घेतले होते, तरी शेजारच्या खोलीतला टीव्ही माइकमध्ये उतरायचाच. आम्ही आतून पोकळ असलेलं दार काढलं, भरीव बसवलं, चौकटीला फिरवून रबरी पट्टी लावली आणि खाली उंबरठा दिला. टीव्ही थांबला. तिच्या ओळखीच्यांकडून मग चौकशा येऊ लागल्या, आणि बघता बघता कपाटांची कामं मागे पडली.

चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "खोली साउंडप्रूफ करायची आहे, बजेट कमी आहे." त्यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला. त्रास कशाचा आहे? बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो, की खोलीतच आवाज घुमतो? पहिली दोन दुखणी एका औषधानं बरी होतात, तिसऱ्याचं औषध वेगळं. आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंद सांधे लागतात. घुमणं कमी करायला मऊ, सच्छिद्र आणि पुरेसं जाड काहीतरी लागतं. फोम आणि अंड्यांचे ट्रे दुसऱ्या गटातले, त्यातही तोकडे. वरचे स्वर शोषतात, खालचे तसेच सोडतात. शेजाऱ्यांना त्यांचा उपयोग शून्य.

घुमणं मऊ, जाड वस्तूंनी कमी होतं हा काही आमचा शोध नाही. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानाच्या दालनात बोललेलं नीट कळत नव्हतं, म्हणून वॉलेस सेबाइन या प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. रिकाम्या दालनात नाद साधारण साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सेबाइन रात्री-अपरात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून दालनात मांडायचा, मोजायचा आणि सकाळपर्यंत परत पोहोचवायचा. जितक्या गाद्या जास्त, तितका नाद लवकर विरायचा. या मोजमापातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. बजेट कमी असलेल्या ग्राहकाला आम्ही हेच सांगतो की घुमण्यापुरता उपाय हवा असेल तर घरातली जाड गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि पुस्तकांची मांडणी आधी वापरून बघा. आम्हाला बोलवायची गरज कदाचित पडणारच नाही. अशानं धंदा बुडतो असं काही जण म्हणतात. आमच्या बाबतीत उलट झालं.

आता दार, कारण आमचा जीव त्यात आहे. दोन मीटर उंच आणि 90 सेंटिमीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का भरते. एवढ्याशा फटीमुळे ते दार 23 डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) पुढे आवाज अडवू शकत नाही. मग ते लाकडाचं असो, लोखंडाचं असो, दोन्हींचं मिळून असो. गळक्या बादलीचा पत्रा जाड करून पाणी थांबत नाही, तसंच हे. म्हणून पाहणीला गेलं की आमचा माणूस आधी खोलीत अंधार करतो आणि बाहेरून दाराच्या कडेनं विजेरी फिरवतो. उजेड आत आला तिथे खडूची खूण. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज सरकली तर रबर दाबलं जात नाही; बिजागरी किंवा कडी हलवावी लागणार. भरीव दाराचं वजन पेलायला तीन बिजागऱ्या हव्यातच, जास्त जड असेल तर चार. दोनावर टांगलं तर ते कालांतराने खाली बसतं आणि वरच्या कोपऱ्यात फट उघडते.

सगळ्यात जास्त गळती मात्र दिसतच नाही. चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी असते आणि वरून शोभेची पट्टी ठोकलेली असते. ती पट्टी उचकटून आत कधीही कडक न होणारं सीलंट भरलं की बरेचदा ग्राहक "एवढंच होतं?" म्हणतो. हो, बऱ्याच घरांत एवढंच असतं. स्विचबोर्डांचंही तसंच. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले डबे म्हणजे भिंतीला पाडलेलं भोकच. एक इलेक्ट्रिशियन आमच्याकडे कायमचा आला तो याच कामासाठी.

भिंतीकडे आम्ही शेवटी वळतो, कारण तिथे पैसा पाण्यासारखा जातो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जास्तीत जास्त सहा डेसिबल मिळतात. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा लागतात. म्हणजे आहे त्या भिंतीवर नुसतं प्लास्टर चढवत बसणं हा तोट्याचा सौदा. त्याऐवजी भिंतीपासून सुटा सांगाडा उभा करायचा, तो जुन्या भिंतीला टेकू द्यायचा नाही, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली तंतूंची लोकर, भरायचं आणि बाहेरून जिप्सम बोर्डचे दोन थर सांधे चुकवून लावायचे. तेवढ्याच वजनात फायदा कितीतरी जास्त. इथे ग्राहकाचा उत्साह आवरावा लागतो. कुणी म्हणतं, पोकळीच्या मधोमध आणखी एक बोर्ड घाला. तो घातला की एका मोठ्या पोकळीच्या दोन अरुंद पोकळ्या होतात आणि खालचे स्वर पूर्वीपेक्षा सहज आरपार जातात. पैसे जास्त मोजून काम बिघडतं. त्या बोर्डाचा थर बाहेरच्या बाजूला चढवा, एवढं आम्ही हट्टानं सांगतो.

ड्रमचं काम मात्र आम्ही बरेचदा नाकारतो. पायानं वाजवलेल्या ड्रमचा ठोका हवेतून जातोच, शिवाय जमिनीतून थेट खालच्या घराच्या छतात उतरतो. तिथे तरंगती जमीन, म्हणजे मूळ जमिनीवर लवचीक आधारांवर सुटी ठेवलेली दुसरी जमीन, लागते, तिचं वजन इमारतीला पेलतं का हे इंजिनिअरला विचारावं लागतं, आणि "कमी बजेट" हा शब्द तिथेच संपतो. अशा वेळी ड्रम भाड्याच्या स्टुडिओत वाजवा आणि बाकीची वाद्यं व गाणं घरी करा, हा सल्ला फुकट देतो.

फोमबद्दल एक गोष्ट आम्ही ताणून धरली आहे. एका पुरवठादारानं स्वस्त फोमचा मोठा लॉट देऊ केला होता, "आग लागत नाही" असं तोंडी सांगून. चाचणीचा कागद मागितल्यावर तो काही परत आला नाही. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या 'द स्टेशन' या नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमनं पेट घेतला आणि 100 माणसं गेली. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे बंद दार, बंद खिडकी, विजेची उपकरणं आणि कानावर हेडफोन लावलेला माणूस. तिथे कागद नसलेला फोम आम्ही लावत नाही. रॉकवूल जळत नाही. त्याचे तंतू मात्र हात लावताना टोचतात, म्हणून कापडात नीट शिवून लाकडी चौकटीत बसवतो. दहा सेंटिमीटर जाडीचे असे फलक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि माइकच्या वर छताला टांगायचे, आणि शक्य तितके कोपऱ्यांत, कारण खालचे स्वर तिथेच साठतात. साधारण साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत 50 हर्ट्झच्या आसपास बास, म्हणजे खालचे स्वर, फुगतो. रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र मिसळताना माणूस तो फुगवटा खरा समजून बास कमी करतो आणि दुसरीकडे ऐकताना गाणं पोकळ लागतं. हे मोजून दाखवायला आमच्यात एक बास गिटार वाजवणारा रुजू झाला. त्याच्या कानावर आणि मोजणीच्या माइकवर आमचा सारखाच विश्वास आहे.

2020 मध्ये जगभर माणसं घरात अडकली आणि निवेदक, ऑडिओबुक वाचणारे, शिकवणारे सगळेच एकदम घरून रेकॉर्ड करू लागले. कुणाच्या घरी जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहणी सुरू केली. कॅमेरा फिरवा, दाराखाली न्या, खिडकीची कडी दाखवा. खूप जणांना काही विकलंच नाही. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, माइकची पाठ जवळपास बहिरी असते, तेव्हा ती खिडकीकडे करा, तोंड कपाटाकडे करा, फ्रिजपासून लांबची खोली निवडा, एवढ्यावर भागलं. त्यातले बरेच जण पुढे मोठं काम घेऊन आले.

सध्या सगळ्यात जास्त मागणी भाड्यानं राहणाऱ्यांची आहे. भिंतीला खिळा मारायचा नाही आणि घर सोडताना सगळं उचलून न्यायचं. त्यांच्यासाठी खटक्यांनी जोडायचा एका माणसापुरता बूथ आम्ही वर्कशॉपमध्ये बनवतो. आवाज अडवण्याचा भाग जमला आहे. अडचण हवेची आहे. खोली जितकी हवाबंद, तितकी आतली हवा लवकर कोंदट होते. डोकं जड होतं आणि गायकाचा दम आखडतो. हवा आत-बाहेर जाण्यासाठी दोन वळणांचा, आतून रॉकवूलचं अस्तर असलेला खोका लावला की रस्त्याचा आवाज वाटेतच जिरतो. पण पंखा छोटा घेतला तर तो जोरात फिरवावा लागतो आणि त्याची घरघर माइकमध्ये येते. मोठा घेतला तर खोका एवढा होतो की बूथ दारातून आत जात नाही. आता पंखा बूथपासून लांब ठेवून मऊ, जाड नळीनं जोडायचं चाललं आहे. नळी रुंद असली की हवा सावकाश वाहते आणि सुसाट आवाज येत नाही. पहिला नमुना आमच्या बासवाल्याच्या घरी उभा आहे. एक रेकॉर्डिंग संपून दुसरं सुरू होईपर्यंत त्याला हवेसाठी दार उघडावं लागू नये, इथवर बूथ आला की विक्रीला काढू.