हतनूरच्या फुगवट्यात कयाकवरून मासेमारी : मे महिन्यातील पाहणी आणि नोव्हेंबरमधील सफर

मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते आणि या संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळ तालुक्यात, ४१ दरवाज्यांचे हतनूर धरण आहे. धरण २१४ मीटर या पूर्ण संचय पातळीपर्यंत भरले की फुगवट्याचे पाणी दोन्ही नद्यांच्या पात्रांतून मागे पसरते आणि काठावरचे बांध, गाडवाटा, बाभळीची खुंटे व जुन्या विहिरी त्याखाली जातात. उन्हाळ्यात पाणी उतरले की यांतील बरेच काही पुन्हा उघडे पडते. काठाजवळच्या या बुडालेल्या जागांवर कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून, गळ टाकण्यासाठी मी आणि माझा मावसभाऊ गेल्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवस तेथे होतो. मात्र ही सफर खऱ्या अर्थाने त्याआधीच्या मे महिन्यात सुरू झाली होती, आणि आमच्यामागून जाणाऱ्यांनीही ती मे महिन्यातच सुरू करावी, असे मला मनापासून वाटते.

मे महिन्यात आम्ही कयाक नेली नव्हती. पहाटे भुसावळहून निघून वरणगावमार्गे आम्ही काठावर पोहोचलो आणि ऊन चढण्यापूर्वी तीन तास नुसते चाललो. पाणी हटलेल्या जमिनीचा वरचा थर भेगाळला होता, पण पाण्यालगतच्या पट्ट्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. पूर्णा विदर्भातील काळ्या मातीच्या मैदानातून येते आणि तिने आणलेला गाळ या जलाशयात वर्षानुवर्षे साचत आला आहे, त्यामुळे तळाचा बहुतेक भाग सपाट, मऊ आणि एकसारखा आहे. अशा तळावर जेथे कोठे दगड, खुंट किंवा उंचवटा असतो तेथे शेवाळ धरते, शेवाळावर गोगलगायी आणि झिंगे जमतात, त्यांच्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे शिकार करणारा मोठा मासा येतो. समुद्रात बुडालेला खडक जे काम करतो तेच काम येथे शेताचा एखादा दगडी बांध करतो. म्हणूनच तळावर कोठे काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या विस्तीर्ण पाण्यात भटकत बसावे लागत नाही.

त्या सकाळी आम्हाला चार जागा मिळाल्या. पहिली म्हणजे पाण्यात उतरत जाणारी जुनी गाडवाट आणि तिच्यावरची दगडी मोरी; दुसरी एका शेताचा कोपरा, जेथे दोन बांध काटकोनात मिळतात; तिसरी तोडलेल्या बाभळींच्या दहा-बारा खुंटांची रांग; आणि चौथी दगडाने बांधलेली विहीर, जिचे तोंड पाण्यापेक्षा जेमतेम हातभर उंच होते. प्रत्येक जागेची खूण आम्ही मोबाइलच्या नकाशात नोंदवली, चारही दिशांनी छायाचित्रे घेतली आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवली. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर पस्तावतात. विहिरीचे तोंड पाण्याच्या वर अर्धा मीटर असेल आणि पुढे पातळी चार मीटरने वाढली असेल, तर विहिरीवर साडेतीन मीटर पाणी आहे एवढा हिशेब घरी बसून करता येतो. पातळीचे आकडे पावसाळ्यात जळगावच्या वृत्तपत्रांत नेहमी येतात. इतर वेळी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारता येतात.

त्याच काठावर आम्हाला एक वयस्क मच्छीमार भेटले. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणू लागलो. माझा मोबाइल पाहून ते म्हणाले, "भाऊ, मोबाइल भिजला म्हणजे काय करशीन? झाडं पाहून ठेव." मग त्यांनी विहिरीच्या काठावर मला उभे केले आणि दाखवले की तेथून पाहिले असता टेकाडावरचा कडुलिंब विजेच्या एका मनोऱ्याच्या बरोबर पुढे येतो, आणि मान उजवीकडे वळवली की पंपघराची भिंत मागच्या पिंपळाला अर्धी झाकते. पाणी भरल्यावर या दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या की विहीर होडीच्या खाली असते. नोव्हेंबरमध्ये मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. मोबाइलने आम्हाला विहिरीपासून सहा-सात मीटर बाजूला नेले. आप्पांच्या खुणांनी नेमके तोंडावर नेले.

मासेमारीच्या परवानगीविषयी येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. महाराष्ट्रातील जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात आणि ते बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. त्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याचा खर्च कोणी तरी केलेला असतो आणि त्यावर काठावरच्या कुटुंबांचे पोट चालते. हौशी माणसाने तेथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. आम्ही आप्पांच्या ओळखीने आधी संस्थेच्या माणसांना भेटलो, किती गळ वापरणार व किती मासे ठेवणार हे सांगितले, ठरलेली रक्कम भरून पावती घेतली आणि जाळी कोठे लावलेली असतात हे विचारून घेतले. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांच्या दिशेला आम्ही गेलो नाही, आणि कोणी जाऊही नये. पावसाळ्यात दरवाजे उघडलेले असताना तर या जलाशयात कयाकचा विचारच मनात आणू नये.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पावणेसातला पाण्यात उतरलो. उतरण्याची जागा म्हणून तीच बुडालेली गाडवाट निवडली होती, कारण तिच्यावर मुरूम असल्याने पाय रुतत नाहीत. बाजूच्या शेतातून उतरलो असतो तर चिखलातच अर्धा तास गेला असता. माझी कयाक कडक प्लॅस्टिकची, वर बसायची आणि सुमारे तीन मीटर लांबीची आहे, तर मावसभावाची हवा भरण्याची आहे. दोन्ही चालतात, पण बाभळीच्या खुंटांजवळ हवा भरलेली कयाक नेऊ नये. पाण्याच्या वितभर खाली राहिलेले टोक दिसत नाही आणि बाभळीचा काटा वाळल्यावरही तेवढाच तीक्ष्ण असतो. म्हणून खुंटांची रांग मी एकट्याने घेतली आणि तो मोरीवर थांबला.

जागा सापडली की लगेच गळ टाकण्याची घाई करू नये. आमच्याजवळ मासे दाखवणारे यंत्र नव्हते. प्रत्येक मीटरला गाठ मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला पावशेराचे शिसे एवढ्यावरच आमचे काम झाले. शिसे गाळावर उतरले तर हाताला काही कळत नाही, दोरी नुसती सैल पडते. दगडावर उतरले तर बारीकसा ठोका दोरीतून बोटांपर्यंत येतो, आणि लाकडावर उतरले तर ठोका बोथट असतो व शिसे उचलताना किंचित अडते. विहिरीवर मी अशी दहा ठिकाणी दोरी सोडली. कठड्यावर तिसरी गाठ भिजली आणि अवघ्या दोन हातांवर आतल्या बाजूला सगळी दोरी सुटली तरी तळ लागला नाही. हा फरक हाताने अनुभवला की मासा कोठे असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. तो कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, दगडाला लागून असतो.

तेथे शिंगाळा मिळाला. गांडुळाचे आमिष तळापासून वीतभर वर ठेवले होते आणि तिसऱ्या वेळी काठी एकदम वाकली. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून फार जपावे लागते. मासा मांडीवर घेण्याची चूक करू नये. तो पाण्यातच कयाकच्या कडेला धरून लांब तोंडाच्या पकडीने गळ काढावा. हवा भरलेल्या कयाकमध्ये तर असा मासा आत घेऊच नये. याच पाण्यात शिवडाही मिळतो आणि त्याचे दात साधे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सहज कापतात, म्हणून गळाच्या वर वीतभर तारेचा तुकडा जोडलेला बरा.

मरळ मात्र खोल विहिरीवर शोधू नये. ती श्वासासाठी अधूनमधून वर येणारी मासळी आहे आणि तिला उथळ, आडोशाचे पाणी लागते. बांधाचा तो कोपरा जेथे काठाकडे सरकतो तेथे बेशरमाची झुडपे अर्धी पाण्यात होती आणि त्यांच्या मुळाशी दर काही मिनिटांनी पाणी हलकेच फुटत होते. मी पंधरा हातांवर वल्हे पाण्याबाहेर घेतले, वाऱ्याने कयाक सरकू दिली आणि रबरी बेडूक झुडपांच्या पलीकडे टाकून सावकाश ओढला. पहिला हल्ला चुकला, कारण मी झटका लवकर दिला. मरळ बेडूक तोंडात घेऊन खाली वळेपर्यंत मनात दोन अंक मोजून मगच काठी उचलावी. दुसऱ्या वेळी मी थांबलो आणि सुमारे दीड किलोची मरळ आली. पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर त्याखाली आईबाप राखण करत असतात, आणि राखण करणारा मासा कशावरही झेप घेतो. त्याला पकडले तर सारा झुबका इतर माशांच्या तोंडी जातो, म्हणून अशा ठिकाणी गळ टाकणे मी योग्य मानत नाही.

पाण्याची बाजू निवडण्याला जागेइतकेच महत्त्व आहे. पूर्णेकडच्या अंगाला नोव्हेंबरमध्येही पाणी गढूळ होते. कोपरापर्यंत हात घातला तर बोटे दिसत नव्हती. तापीकडच्या अंगाला ती स्पष्ट दिसत होती आणि आम्हाला ल्यूरवर, म्हणजे रबरी बेडकासारख्या कृत्रिम आमिषावर, जे काही मिळाले ते तिकडेच मिळाले. गढूळ पाण्यात आमिषाचा वास उपयोगी पडतो, म्हणून तेथे गांडूळ किंवा कणीक-ढेपेचा गोळा वापरावा. तिलापिया दोन्हीकडे मिळतात.

आता पहिल्या दिवशीच्या त्या प्रसंगाविषयी, कारण तो टाळता येण्याजोगा होता. साडेनऊनंतर वारा उठला. मी खुंटांच्या रांगेवर होतो आणि लोखंडी नांगराची दोरी हाताशी असावी म्हणून कयाकच्या बाजूच्या कडीला बांधली होती. नांगर बाभळीच्या मुळांत अडकला, दोरी ताणली गेली आणि वाऱ्याने कयाक आडवी फिरवली. बांधलेली बाजू खाली खेचली जाऊ लागली व दोन लाटा आत आल्या. गाठ ताणामुळे सुटेना. लाइफ जॅकेटच्या छातीवर चाकू लावलेला होता म्हणून दोरी कापता आली. तोच चाकू मागच्या पिशवीत असता तर मी पाण्यात, खुंटांच्या मध्ये पडलो असतो. नांगराची दोरी नेहमी कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावी, बाजूला कधीही बांधू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही लोखंडी नांगर वापरलाच नाही. कांद्याच्या जाळीदार गोणीत पाच किलोचा दगड घालून तो मुख्य दोरीला कच्च्या सुतळीने बांधला. अडकला की सुतळी तुटते, दगड आणि गोणी तळाशी जातात आणि माणूस मोकळा होतो.

दुसरा धोका विहिरींचा आहे आणि तो मला वाऱ्यापेक्षा अधिक वाटतो. काठाजवळ कमरेइतके पाणी आहे असे समजून कयाकमधून उतरून चालू नये. गाळाने तळ सपाट दिसतो, पण पुढच्या पावलाखाली बिनकठड्याची विहीर असू शकते. आम्ही मे महिन्यात पाहिलेल्या विहिरींपैकी दोन विहिरींना कठडा राहिलेलाच नव्हता. लाइफ जॅकेट काठापासून काठापर्यंत अंगावर बांधलेले असावे आणि परतण्याची वेळ काठावरच्या एखाद्या माणसाला सांगून ठेवलेली असावी. आम्ही काठापासून शंभर-दीडशे मीटरच्या पुढे गेलो नाही आणि साडेदहाच्या आत बाहेर आलो. वाऱ्याविरुद्ध वल्हवताना तेवढे अंतरही दुप्पट वाटते.

जाळ्यांच्या थर्माकोलच्या तरंगत्या खुणा दिसल्या की त्यांना वळसा घालून जावे. बुडालेल्या खुंटांवर जुनी, तुटलेली जाळीही अडकलेली असतात आणि त्यांत गळ गेला तर ओढाताण न करता तंगूस कापून टाकावे. हिवाळ्यात येथे चक्रवाक आणि इतर बदकांचे थवे उतरतात. ते बसलेल्या उथळ भागातून कयाक नेऊ नये. थवा एकदा उठला की बराच वेळ खाली उतरत नाही. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताई यात्रेमुळे रस्त्यांवर आणि काठांवर मोठी गर्दी असते, त्या दिवसांत हा बेत करू नये.

दोन दिवसांत एकूण दोन शिंगाळे, एक मरळ आणि सात तिलापिया मिळाले. त्यांपैकी मरळ आणि लहान तिलापिया सोडून दिले, उरलेले संस्थेत वजन करून दाखवले. दुपारी काठावरच कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत खाल्ले. नोव्हेंबर हा भरिताच्या वांग्यांचा हंगाम आहे आणि तिकडे जाणाऱ्याने ते चुकवू नये. निघण्यापूर्वी कयाक आतून-बाहेरून धुऊन उन्हात वाळवली, म्हणजे एका जलाशयातील वनस्पती आणि गोगलगायींची अंडी दुसऱ्या जलाशयात जात नाहीत.

नेमक्या जागांच्या खुणा मी येथे दिलेल्या नाहीत, कारण त्या आप्पांच्या रोजच्या मासेमारीच्या जागा आहेत. मे महिन्यात तीन तास चालण्याची तयारी असलेल्याला त्या आपोआप सापडतील. मोरीच्या पलीकडे आणखी एक बांध आहे असे आप्पा म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात पाणी तेवढे उतरले नव्हते, म्हणून येत्या मे महिन्यात पुन्हा जायचे ठरले आहे.