चूल आधी, वैल नंतर : स्लो कुकरच्या पाकिटांची बारा आठवड्यांची नोंद

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू केलेल्या या कामाला आज बारा आठवडे पूर्ण झाले. मिनियापोलिसच्या उपनगरातील आमच्या घराच्या तळघरात जो फ्रीझर आहे, त्यात या क्षणी एकोणीस पाकिटे आडवी रचून ठेवलेली आहेत : सात बकऱ्याच्या मटणाची, सहा काळ्या वाटाण्यांची, चार कोंबडीची आणि दोन छोल्यांची. पत्नीला आठवड्यातून तीन दिवस रुग्णालयात रात्रपाळी असते आणि ती घरी परतते तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात. बाहेर उणे वीस अंश सेल्सिअस तापमान असताना रात्रभर उभ्याने काम करून आलेल्या माणसाला गरम रस्सा आणि भात मिळावा, एवढ्यासाठी मी रात्री दहा वाजता स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे, लावू लागलो, आणि हळूहळू त्या कुकरसाठी आधीच भरून गोठवलेली पाकिटे तयार करणे हाच माझा छंद होऊन बसला. याच वाटेने जाणाऱ्यांना माझ्या चुका आणि मोजमापे उपयोगी पडतील म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या महिन्यातील सर्वांत मोठी चूक पाकिटाच्या आकाराची होती. मी एक किलो मटण, मसाला आणि पाणी एका मोठ्या झिपच्या पिशवीत भरले आणि ती पिशवी फ्रीझरच्या कोपऱ्यात उभी कोंबली. तिचा विटेसारखा जाड ठोकळा झाला. शिजवायच्या आदल्या रात्री तो फ्रिजमध्ये उतरवला, तरी चोवीस तासांनंतर त्याचा गाभा दगडासारखा घट्टच होता. उशीर झाला होता, म्हणून मी तो तसाच कुकरमध्ये ठेवला. झोपण्यापूर्वी, म्हणजे तीन तासांनी, थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा कडेचा रस जेमतेम कोमट झाला होता आणि आतील मांस अजून थंडगार होते. साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि स्लो कुकर गोठलेल्या गोळ्याला हा पट्टा ओलांडून नेण्यास फार वेळ घेतो. मांस पूर्णपणे वितळवूनच कुकरमध्ये घालावे, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे सांगणे आहे, आणि ते का आहे हे मला त्या रात्री नीट समजले. ते सगळे मटण मी टाकून दिले. त्याचे मला फार वाईट वाटले, कारण ते बकऱ्याचे उत्तम मटण मी शहरातील सोमाली खाटकाच्या दुकानातून मुद्दाम जाऊन आणले होते.

तेव्हापासून प्रत्येक पिशवी मी ताटात आडवी पसरून, दोन बोटांपेक्षा अधिक जाडी होऊ न देता गोठवतो. अशी पिशवी लवकर गोठते, त्यामुळे बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि मांसातील रस कमी गळतो. फ्रिजच्या खालच्या फळीवर ती चोवीस तासांत पूर्ण वितळते आणि एकदा गोठली की पुस्तकांसारखी रचूनही ठेवता येते. वितळताना खाली खोलगट ताट ठेवावे, कारण झिप कितीही चांगली असली तरी एखादी पिशवी पाझरतेच.

कुकरच्या मापाचाही येथेच उल्लेख करतो. आमचा पहिला कुकर सहा क्वार्टचा, म्हणजे सुमारे साडेपाच लिटरचा होता. ही भांडी निम्मी ते दोन तृतीयांश भरलेली असताना सर्वांत चांगली चालतात. एक किलो मटणाचे पाकीट त्यात तळाशी पडून राही, कडेचा मसाला करपे आणि मांसाचे तंतू सुटत. नोव्हेंबरमध्ये मी चार क्वार्टचा साधा कुकर घेतला आणि पाकिटाची सगळी मापे त्याच्यासाठी पुन्हा ठरवली. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी आधी आपल्या भांड्याचे माप पाहावे आणि मग पाकीट भरावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या सगळ्या काळात पदार्थ शिजत होते, पण त्यांना चव येत नव्हती. रस्सा पातळ होई, त्यावर तवंग येत नसे आणि मसाल्याचा कच्चेपणा आठ तासांनंतरही जिभेला जाणवे. मी मसाला वाढवून पाहिला, वेळ वाढवून पाहिला, पण फरक पडला नाही. नोव्हेंबरच्या मध्यात एका रविवारी कुडाळला असलेल्या आईशी फोनवर बोलताना मी तिला हे यंत्र कसे चालते ते सांगितले : खाली मंद आच, वर जड झाकण, आत चिनी मातीचे भांडे, आणि रात्रभर कोणी हात लावायचा नाही. ती लगेच म्हणाली, "अरे, हा तर वैल झाला. वैलावर कोणी फोडणी घालतं का? चुलीवर फोडणी घालायची, कढ आणायचा, मग भांडं वैलावर सरकवायचं."

ज्यांनी वैल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीला लागून दुसरे एक तोंड असते, ज्याखाली स्वतःचा जाळ नसतो. चुलीतील आच आतल्या वाटेने तिकडे वळते आणि त्यावर ठेवलेली आमटी किंवा दूध बराच वेळ मंद तापत राहते. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात मटणाचे भांडे दुपारपर्यंत तेथेच असे. आईच्या त्या एका वाक्याने माझी अडचण सुटली. स्लो कुकरमधील रस पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊच शकत नाही, आणि कांदा-खोबरे तांबूस होण्यासाठी त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. म्हणून भाजणे, परतणे आणि जोरदार उकळणे ही चुलीची कामे पाकीट भरण्यापूर्वीच व्हायला हवीत.

या यंत्राचा उगमही अशाच एका रात्रभराच्या शिजण्यात आहे, हे मला नंतर वाचनात आढळले आणि फार आवडले. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० मध्ये याचे पेटंट मिळाले. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातील चोलंट या ज्यू पदार्थाविषयी सांगितले होते. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतील कडधान्य आणि मांसाची भांडी गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवली जात आणि मावळत्या आचेवर ती रात्रभर शिजत. पुढे कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडे क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले. विझत्या भट्टीची ती आच आणि आमच्या वैलाची आच मला एकाच जातीची वाटते.

आता मटणाच्या पाकिटाचे सध्याचे प्रमाण. चार क्वार्टच्या कुकरसाठी हाडांसकट एक किलो मटण घ्यावे आणि ते खांद्याचे किंवा मानेचे असावे. मांडीचे मटण रात्रभरात कोरडे पडते. खांद्यातील चिवट भाग मात्र याच मंद आचेत विरघळून रस्स्याला दाटपणा देतो. दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात चांगले तांबूस करावेत, एक वाटी किसलेले सुके खोबरे वेगळे भाजावे, आणि दोन्ही शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटावे. हे वाटण, दोन मोठे चमचे आले-लसूण आणि तीन मोठे चमचे मालवणी मसाला तेल सुटेपर्यंत परतावा. त्यानंतर हा मसाला पूर्ण थंड करावा आणि मगच कच्च्या मटणाला हळद-मिठासह चोळून पिशवी भरावी.

येथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. चुलीवरचे काम आधी करायचे म्हणून मटणही थोडे परतून घ्यावे, असा मोह मला झाला होता. मांस अर्धवट शिजवून, थंड करून, नंतर पुन्हा शिजवायला ठेवणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्या अर्धवट उष्णतेत जंतू मरत नाहीत आणि त्यांना वाढायला अवधी मिळतो. म्हणून मांस एकतर कच्चेच गोठवावे किंवा पूर्ण शिजवून गोठवावे. आधी परतायचा तो फक्त मसाला.

पाणी पिशवीत घालत नाही. रात्री दहा वाजता वितळलेले पाकीट भांड्यात ओतून वर एकच वाटी उकळते पाणी घालतो. झाकण सतत बंद असल्यामुळे पाणी जवळजवळ आटत नाही, त्यामुळे पातेल्यात तीन वाट्या लागतात तेथे एक पुरते. मंद आचेवर आठ तास लागतात. मध्ये झाकण उघडू नये, कारण गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटे जातात. सकाळी रस्स्यावर लालसर तवंग आलेला असतो आणि हाडापासून मांस बोटाने सुटते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे पाकीट प्रथम मनासारखे साधले. पत्नीने त्या सकाळी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि मी त्याच दिवशी आणखी चार पाकिटे भरली.

काळ्या वाटाण्यांनी मात्र मला सर्वांत अधिक शिकवले. पहिल्या पाकिटात मी सगळे एकत्र भरले होते : भिजवलेले वाटाणे, वाटण, मसाला, मीठ आणि चार आमसुले. नऊ तासांनंतरही वाटाणे दाताखाली कचकच करत होते. आंबट पदार्थांमुळे कडधान्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही, म्हणून आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की दाणा मऊ होण्याचे थांबते. प्रेशर कुकरमध्ये ही चूक बऱ्याच वेळा खपून जाते, कारण तेथे तापमान १०० अंशांच्या वर जाते, पण मंद आचेत ती लपत नाही. आमच्या भागातील पाणी जड आहे, त्याचाही परिणाम असावा असे वाटून मी भिजवण्यासाठी गाळलेले पाणी वापरू लागलो आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालू लागलो. आता वाटाणे बारा तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात पंधरा मिनिटे खळखळ उकळतो, निथळून थंड करतो आणि वाटणासह पिशवीत भरतो. ते सात तासांत लोण्यासारखे होतात. आमसुले शेवटच्या अर्ध्या तासात पडतात.

राजम्याविषयी इशारा देणे मी कर्तव्य समजतो. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि मोजके न शिजलेले दाणेही जोराची उलटी व जुलाब घडवू शकतात. स्लो कुकरची आच त्याचा नाश करण्यास अपुरी पडू शकते, आणि कमी तापमानावर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक अपायकारक ठरू शकतो. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात अर्धा तास जोरदार उकळावा. त्यानंतरच तो पाकिटात जावा. माझ्या फ्रीझरमध्ये सध्या राजम्याचे एकही पाकीट नाही, कारण आमच्या घरी रविवारच्या घाईत भांडी एकाच वेळी चार असतात आणि ही पायरी चुकण्याची शक्यता मला नको आहे.

कोंबडीसाठी हाडांसह मांड्या घ्याव्यात आणि पाच तासांपेक्षा अधिक ठेवू नये. छातीचे तुकडे भुसभुशीत होतात. छोले सरळमार्गी आहेत. वालाचे बिरडे दोनदा केले आणि दोन्ही वेळा त्याचा लगदा झाला, तेव्हा ते आता पातेल्यातच करतो. मटकी आणि मुगाचेही तेच. कच्चा बटाटा गोठवल्यास काळा पडतो आणि रवाळ होतो, म्हणून तो त्याच रात्री ताजा चिरून तळाशी घालावा. नारळाचे दूध शेवटी घालावे, नाहीतर ते फुटते.

मसाल्यांचाही एक अनुभव नोंदवून ठेवतो. लवंग, मिरी आणि लसूण फ्रीझरमध्ये अधिक उग्र होतात, तर काही दिवसांनी त्यांना कडवट छटाही येते. सहा आठवडे जुन्या पाकिटात लवंगेने बाकी सगळी चव झाकून टाकली होती. तेव्हापासून अख्ख्या लवंगा निम्म्या केल्या आणि पाकिटे तीन महिन्यांच्या आत संपवायची असे ठरवले. पिशवीतील हवा काढण्यासाठी झिप थोडी उघडी ठेवून ती पाण्याच्या पातेल्यात बुडवतो, म्हणजे पाण्याच्या दाबाने हवा आपोआप बाहेर जाते आणि मांसावर कोरडे पांढरे डाग पडत नाहीत. नाव, तारीख आणि "नंतर काय घालायचे" हे पिशवी भरण्यापूर्वीच लिहावे, कारण ओलसर थंड प्लास्टिकवर पेन उमटत नाही.

ती शेवटची ओळ मी या महिन्यातच लिहू लागलो. काळ्या वाटाण्यांच्या पिशवीवर "आमसुले ४, गूळ, कढीपत्त्याची फोडणी" असे असते. मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची पळीभर फोडणी सकाळी दोन मिनिटांत होते आणि ती उसळीवर पडताच घरभर जो वास सुटतो, त्याला गोठवलेल्या पाकिटात काहीही पर्याय नाही.

पुढच्या रविवारी कुळथाचे सार या पद्धतीत बसते का ते पाहणार आहे. कुळीथ उकळण्याची वेळ आणि शिजण्याचे तास दोन्ही वेगळे नोंदवीन. आज रात्रीसाठी १४ डिसेंबरचे मटणाचे पाकीट फ्रिजच्या खालच्या फळीवर वितळले आहे, आणि दोन बटाटे कुकरशेजारी काढून ठेवले आहेत.