बँकॉकचा आंबा-भात: हापूसच्या दिवसांत केलेली चैन

आम्ही बँकॉकला एप्रिलअखेर गेलो. घरी हापूसच्या पेट्या यायच्या दिवसांत आंबा खायला परदेशी निघालोय म्हटल्यावर नातेवाइकांनी वेड्यातच काढलं. पण तिथला मोसमही नेमका हाच. खाओ निआव मामुआंग, म्हणजे चिकट भात आणि आंबा, पर्यटकांच्या भागात बारा महिने मिळतो. मार्च ते मे मधल्या आंब्याची गोडी मात्र एरवी नसते. उकाडा सोसायची तयारी ठेवा.

कृती साधी आहे. चिकट तांदूळ चांगले भिजवून वाफवतात, गरम असतानाच त्यात साखर-मीठ घातलेलं नारळाचं दूध ओततात आणि झाकून मुरू देतात. बाजूला पिकलेल्या आंब्याच्या फोडी, वरून दाटसर खारं नारळाचं दूध आणि कुरकुरीत मुगाची डाळ. मराठी माणसाला नारळी भात आठवणारच. पण इथे गूळ नाही, तूप नाही, लवंग-वेलचीही नाही. सगळी करामत मिठाची. आपल्या गोडात मीठ असलंच तर लपून असतं, इथे ते आधी जिभेला लागतं आणि मग आंब्याची गोडी वर येते. म्हणूनच ताट संपेपर्यंत गोडाचा कंटाळा येत नाही.

नुसतं फळ म्हणून खायचं तर इथल्या नाम डोक माई जातीच्या आंब्यापेक्षा हापूस कधीही सरस, यावर माझ्याशी वाद घालू नये. हा थाई आंबा लांबट, फिकट पिवळा, रेषा नसलेला आणि वासाला मंद. भातासोबत तोच मंदपणा कामी येतो. हापूसने बिचाऱ्या नारळाला बोलूच दिलं नसतं! ओक राँग नावाची जुनी जात दिसली तर सोडू नका. आकाराने लहान, थोडी रेषाळ, पण गोडीला जास्त.

एकाच ठिकाणी जाणार असाल तर थानोन तानाओ या रस्त्यावरचं को पानिच गाठा. 1932 पासूनचं दुकान आहे. साम योत मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं, वाटेत मोठा झोपाळा म्हणजे साओ चिंग छाही बघून होतो. बसून खायची फारशी सोय नाही, बांधून घ्यायचं. संध्याकाळवर ढकलू नका. तिथला भात मऊ, पण दाणा न् दाणा वेगळा. मुक्काम सुखुमवितला असेल तर थाँग लो स्टेशनजवळचं मे वारी सोयीचं, भाव मात्र रस्त्यावरच्या हातगाड्यांपेक्षा बराच जास्त. ओर तोर कोर बाजारात आंब्याच्या जाती शेजारी शेजारी बघायला मिळतात, तेवढ्यासाठी तरी जा.

बाकी गोडाचं काय? फोई थाँग, म्हणजे साखरेच्या पाकातल्या अंड्याच्या बलकाच्या सोनेरी शेवया. गोव्याच्या बेबिंकासारखाच हाही पोर्तुगीज वारसा. दिसायला सुरेख, पण दोन घासांत माझं मन भरलं. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ घातलेला भात ज्याचा त्याने ठरवावा, वासाच्या पलीकडे जाता आलं तर चव वाईट नाही. खरी टक्कर देतं ते ताप्तिम क्रोप: टॅपिओकाच्या लालबुंद आवरणातले वॉटर चेस्टनट या पाणकंदाचे कुरकुरीत तुकडे, थंडगार नारळाच्या दुधात. भर दुपारी मी तेच मागवेन. जेवणाऐवजी खाता येतो तो मात्र आंबा-भातच.

शाकाहाऱ्यांना आंबा-भात निर्धास्त: अंडं नाही, दूध म्हणाल तर फक्त नारळाचं. पण त्याच काउंटरवर चिकट भातावर सुक्या कोळंबीचा नारिंगी चुरा किंवा अंड्याचं कस्टर्ड घातलेले प्रकारही असतात. बोट दाखवण्याआधी विचारा. हिरवा भात दिसला तर तो बहुधा पानदान नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या पानांचा आणि निळा गोकर्णीच्या फुलांचा. चवीत फार फरक नाही, फोटोसाठी ठीक.

सुटे बाट (थाई चलन) जवळ ठेवा. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सणामुळे लहान दुकानं बंद असू शकतात. एक ताट दोघांना पुरतं. हॉटेलवर नेलंत तर फ्रिजमध्ये ठेवू नका, भात कडक होतो. बाहेर फार वेळ ठेवाल तर नारळाचं दूध विटतं. दूध आणि डाळ वेगळ्या पुड्यांत देतात, ती खातानाच घाला. परतीच्या विमानात हातातल्या पिशवीतून न्यायचा बेत असेल तर तपासणीत नारळाचं दूध अडवलं जाईल हे धरून चाला. शेवटचं ताट विमानतळाला निघण्याआधीच संपवा.