४-४-४-१ ची जबर पाने आणि पहिली बोली : माझा अनुभव

इस्पिकचा एक्का, राजा, दश्शी आणि तिर्री; बदामचा एक्का, राणी, गुलाम आणि अठ्ठी; किलवरचा एक्का, राजा, दश्शी आणि दुर्री; आणि चौकटची एकटी सत्ती. गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका सांघिक ब्रिज स्पर्धेत ही तेरा पाने मी उचलली, रंगांप्रमाणे लावली आणि दोनदा मोजली. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ या हिशोबाने पत्त्यांच्या सबंध जोडात ४० गुण असतात. त्यांतले २१ एकट्या माझ्या हातात होते, बोली सुरू करण्याची पाळी माझीच होती आणि आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे डाव फसला तर दंड जास्त आणि जमला तर बक्षीसही जास्त. इतकी चांगली पाने हातात असूनही पहिली बोली कोणती करावी हे मला ठरवता येत नव्हते.

माझे भिडू नाना हे माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे आहेत आणि गेली सहा वर्षे आम्ही एकत्र खेळतो. आमची पद्धत सर्वसाधारण आहे. इस्पिक किंवा बदामची पहिली बोली केली तर त्या रंगाची किमान पाच पाने हवीत. एक नो ट्रंप (हुकूम नसलेली बोली) म्हणजे १५ ते १७ गुण आणि समतोल, म्हणजे कोणताही रंग फार आखूड नसलेली पाने, दोन नो ट्रंप म्हणजे २० ते २१ गुण आणि समतोल पाने. दोन किलवर ही सर्वांत जबर पानांसाठी राखलेली कृत्रिम बोली आहे, तिचा किलवरशी संबंध नाही. दोन चौकट, दोन बदाम आणि दोन इस्पिक या सहा पानांच्या कमकुवत बोली आहेत. आता या पद्धतीत माझी पाने बसवून पाहिली, तर कुठेही नीट बसत नव्हती. इस्पिक आणि बदाम चार-चारच असल्याने ते रंग बोलता येत नव्हते. एकच चौकट असल्यामुळे नो ट्रंप बोलणे म्हणजे भिडूला फसवणे होते. उरले एक किलवर आणि दोन किलवर. एक किलवर म्हटले आणि नानांनी पास केला, तर २१ गुण घेऊन मी पहिल्या पायरीवर, म्हणजे सातच हातांच्या बोलीवर, अडकून बसणार, या भीतीने मी बोलीच्या पेटीतून दोन किलवरचे कार्ड काढून टेबलावर ठेवले.

नानांनी अपेक्षेप्रमाणे दोन चौकट म्हटले. ही आमची ‘थांबून पाहतो’ अशी बोली. आणि तिथे माझ्या लक्षात आले की, खरी अडचण पहिल्या बोलीत नव्हती, दुसऱ्या बोलीत होती. दोन बदाम म्हणावे तर पाच बदामांचे वचन, दोन इस्पिक म्हणावे तर पाच इस्पिकांचे, तीन किलवर म्हणावे तर लांब किलवरचे आणि तेही तिसऱ्या पायरीवर. शेवटी मी दोन नो ट्रंप म्हटले. त्याचा अर्थ २२ ते २४ गुण आणि समतोल पाने असा होतो. माझ्याकडे गुण एकाने कमी होते आणि पाने समतोल मुळीच नव्हती. नानांनी सरळ तीन नो ट्रंप म्हटले.

त्यांच्याकडे इस्पिकच्या दोन, बदामच्या तीन, चौकटच्या राणीसह तीन आणि किलवरच्या राणीसह पाच पानांचा हात होता, गुण सगळे मिळून चार. डाव्या हाताच्या खेळाडूने चौकटची उतारी केली आणि त्या दोघांनी मिळून चौकटचे पाच हात ओढून घेतले. उरलेले आठही हात माझे होते, पण तीन नो ट्रंपसाठी मला नऊ हवे होते. दुसऱ्या टेबलावर हीच पाने घेऊन बसलेल्या, प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूने एक किलवर म्हटले होते. त्याच्या डावीकडच्या खेळाडूने पाच पानांच्या जोरावर हलकीशी एक चौकट म्हटली, पुढच्याने ती वाढवली, आणि मग दोन चौकटवर डबल, तीन किलवर, पाच किलवर असा प्रवास होऊन तो डाव बारा हातांनी झाला, कारण बदामचा राजा उजवीकडे होता आणि डमीतल्या (भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतल्या) किलवरांनी हरणारी पाने कापता आली. त्यांचे ६२०, आमचे उणे १००. फरक ७२० गुणांचा, म्हणजे सांघिक स्पर्धेच्या मोजणीत १२ इम्प.

परतताना नाना एवढेच म्हणाले, ‘‘अगं, तू दोन नो ट्रंप म्हणालीस. मग मी चौकटची काळजी कशाला करू?’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ते बरोबरही होते. मला हरल्याचे तितके वाईट वाटले नाही. आपण भिडूला खोटे सांगितले आणि त्याने विश्वास ठेवला म्हणून डाव गेला, याचे मात्र फार वाईट वाटले.

या पानांचे दुखणे त्यांच्या ठेवणीतच आहे. समतोल पाने एका बोलीत सांगता येतात. एकाच लांब रंगाची पाने तोच रंग पुन्हा पुन्हा बोलून सांगता येतात. तीन रंगांची पाने सांगायची तर तीन बोल्या लागतात, आणि सुरुवातच दोन किलवरपासून केली तर तीन बोल्या होईपर्यंत आपण चौथ्या पायरीवर पोचलेलो असतो. म्हणजे पाने जितकी जबर, तितकी बोलायला जागा कमी. आपल्या एकेरी पानाच्या रंगात समोर भिडूकडे असलेले गुण वाया जातात की उपयोगी पडतात, हे तर त्या उंचीवर विचारताच येत नाही.

यावर कायमचा तोडगा काढायचा असे ठरवून आम्ही पुढचे पाच रविवार दुपारी नानांच्या घरी बसलो. पद्धत साधी होती. जोडातून माझी तीच तेरा पाने बाजूला काढायची, उरलेली ३९ पाने नीट पिसायची आणि तीन ढिगांत वाटायची. मधला ढीग भिडूचा, बाजूचे दोन प्रतिस्पर्ध्यांचे. मग आधी एक किलवरने, नंतर दोन किलवरने सुरुवात करून दोन्ही बोल्या शेवटपर्यंत न्यायच्या आणि चौघांची पाने उघडी टाकून प्रत्यक्षात किती हात होतात ते मोजायचे. वाटायचे काम माझे, आणि आखीव वहीत नोंद करायचे काम नानांचे. दर रविवारी एकेरी पानाचा रंग आम्ही बदलत असू.

वाटण्याआधीच काही गोष्टी कागदावर दिसत होत्या. मी २१ गुण धरले तर बाकी तिघांत १९ उरतात, म्हणजे भिडूच्या वाट्याला सरासरी सहाहून थोडे अधिक येतात. एवढ्यावर तो एकच्या बोलीला उत्तर देतोच. शिवाय माझ्याकडे चौकट एकच असल्याने उरलेल्या बारा चौकट तिघांत असतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या दोन हातांत मिळून सरासरी आठ. ढिगांमागून ढीग उघडताना हे आकडे खरे होताना मी पाहिले, आणि माझी मूळ भीती तिथेच निम्मी झाली. भिडूकडे चार किंवा कमी गुण असलेले ढीगही बरेच निघाले. मात्र तशा वेळी प्रतिस्पर्ध्यांकडे पंधरा किंवा अधिक गुण आणि माझ्या एकेरी रंगाची लांबी असे, आणि कुणीतरी एकजण तो रंग बोलल्याशिवाय राहत नसे. तो बोलला की मला डबल करून सांगता येते : हा रंग सोडून बाकी तिन्ही माझ्याकडे आहेत, तुम्ही निवडा. तीन रंगांची पाने एका बोलीत सांगण्याची यापेक्षा चांगली सोय ब्रिजमध्ये मला माहीत नाही, आणि ती फक्त खालून सुरुवात केली तरच हाताशी राहते. जिथे खरोखर चौघेही गप्प बसले असते, तिथे बऱ्याचदा गेम (मोठे बक्षीस मिळवून देणारी बोली) होतही नव्हता.

तरीही दुसरे मार्ग आम्ही घाईने सोडले नाहीत. नानांना जुन्या इटालियन पद्धतींचे मनापासून प्रेम आहे. १९५७ ते १९६९ या काळात सलग दहा बर्म्युडा बाउल (ब्रिजची सांघिक जागतिक स्पर्धा) जिंकणाऱ्या इटलीच्या ‘ब्लू टीम’च्या पद्धतींत या पानांसाठी स्वतंत्र बोली होती. बेलाडोना आणि अवारेली यांच्या रोमन पद्धतीत तीन रंगांची पाने दोनच्या पायरीवरच सांगून टाकत. ब्लू क्लब या त्यांच्या दुसऱ्या पद्धतीत दोन चौकट म्हणजे १७ ते २४ गुण आणि ४-४-४-१ अशी पाने. भिडूने एकेरी रंग कोणता ते विचारायचे, उत्तर पायरीपायरीने यायचे. इंग्लंडच्या रीस आणि फ्लिंट यांनी आणलेल्या मल्टी दोन चौकट या अनेक अर्थांच्या बोलीमध्येही जबर तीन रंगांचा पर्याय ठेवलेला असतो. तिसरा रविवार आम्ही पूर्ण ब्लू क्लबच्या दोन चौकटवर घालवला, आणि हे मान्यच करायला हवे की ती बोली सुरू झाली की ही पाने फार सुंदर उलगडत जातात.

पण ती आम्ही घेतली नाही. ४-४-४-१ ही ठेवण शंभरात साधारण तीन वेळा येते. त्यातही जबर गुण असण्याचा योग क्वचितच, आणि त्यासाठी सहा पानांची दोन चौकट ही कमकुवत बोली, जी वारंवार उपयोगी पडते, ती सोडून द्यावी लागली असती. याहून मोठे कारण स्मरणाचे होते. जी उत्तरे वर्षातून एखाद-दोनदा वापरायची, ती नेमक्या त्या दिवशी दोघांनाही सारखीच आठवतील याची खात्री नव्हती. ‘‘मला पंचाहत्तरी लागली,’’ असे नानांनीच स्पष्ट सांगितले. प्रिसिजन या वेगळ्या बोलीपद्धतीकडे वळावे असेही एकदा मनात आले, कारण तिथे १६ गुणांपासून एक किलवर ही सक्तीची बोली असल्याने पास होण्याची भीती राहत नाही. परंतु एका ठेवणीसाठी सगळी पद्धत बदलणे मला पटले नाही.

कोणता रंग बोलायचा, हे ठरवायला फारसा वेळ लागला नाही. चौकट एकेरी असेल तर एक किलवर, बाकी कोणताही रंग एकेरी असेल तर एक चौकट. नाना पूर्वी चार पानांचे बदाम-इस्पिक बोलत असत, तेव्हा त्यांना शिकवलेला नियम वेगळा होता. काळा रंग एकेरी असेल तर उरलेल्या तिघांतला मधला रंग बोलायचा, लाल एकेरी असेल तर त्याच्या लगेच खालचा. तो नियम अजून त्यांच्या जिभेवर येतो आणि मला त्यांना थांबवावे लागते.

शेवटच्या रविवारी वहीच्या पानावर आमचा ठराव उतरला. २२ गुणांपर्यंत एकच्या पायरीवरच सुरुवात करायची. २३ पासून दोन किलवर, आणि तेव्हाही पुढे समतोल असल्याचे सोंग आणायचे नाही, चार पानांचा रंग बोलावा लागला तरी चालेल. एकेरी पान एक्का किंवा राजा असेल आणि गुण २० किंवा २१ असतील, तर दोन नो ट्रंप चालेल. या शेवटच्या कलमावर आमचा वाद झाला. एकट्या राजाचे तीन गुण धरणे मला मान्य नाही, कारण त्याच्यावर एक्का पडला की तो संपला. नाना म्हणतात, प्रतिस्पर्ध्याची उतारी त्या रंगाची झाली तर तोच राजा एखादा हात मिळवून देतो. एक्क्याविषयी मात्र एकमत झाले. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम उत्तर देणाऱ्यासाठी होते : पाच गुण असतील, किंवा नुसता एक एक्का असेल, तर एकच्या बोलीवर पास करायचा नाही.

याची किंमतही मोजली. दिवाळीनंतर क्लबातल्या एका डावात माझी एक चौकट तिघांनी पास केली. हात दहा झाले आणि पानावर १३० लिहिले गेले. बाकीच्या बहुतेक टेबलांवर गेम बोलला गेला होता. नानांकडे चार गुण होते, त्यांनी ठरल्याप्रमाणेच पास केला होता, म्हणून मी काही बोलले नाही आणि ठरावही बदलला नाही.

मग जानेवारीत हा हात आला. इस्पिकचा एक्का, राजा, गुलाम, सत्ती. बदामचे एकच लहान पान. चौकटचा एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी. किलवरचा एक्का, राजा आणि दोन लहान. पुन्हा २१. मी एक चौकटचे कार्ड ठेवले. डावीकडून पास. नानांनी पाने एकदा मिटली, पुन्हा उघडली आणि पास केला. उजवीकडचा खेळाडू विचारात पडला. त्या वेळी मी त्याच्याकडे न पाहता टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे पाहत होते. त्याने एक बदाम म्हटले. मी डबल केले. नानांनी एक इस्पिक म्हटले, मी तीन, आणि इस्पिकची चार पाने राणीसकट हातात असल्याने त्यांनी चार केले. तीन गुणांच्या त्या हाताने डाव खेळायला घेऊन नानांनी पहिला बदाम दिला, दुसरा माझ्या सत्तीने कापला, हुकूम काढताना राणीवर स्वतःच्या हातात येऊन तिथून चौकटचा गुलाम सोडला, आणि उजवीकडच्या खेळाडूचा राजा त्यात सापडला. अकरा हात झाले.

डाव संपल्यावर नानांनी खिशातून पेन काढले आणि कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीची बोलीपद्धत नोंदवलेल्या कार्डावर) एकच्या बोलीशेजारी बारीक अक्षरांत लिहिले, ‘२२ पर्यंत, तीन रंग’. मग म्हणाले, ‘‘आता ५-४-४-० चे काय करायचे ते मंगळवारी बघू.’’ वही मी तेव्हापासून पिशवीतच ठेवली आहे.