टॅबनं आपली जागा सोडू नये

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की दिवाणजींना मान वर करायला फुरसत नसते. आवक, वजन, सौदा, हमाली, तोलाई, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), पट्टी (शेतकऱ्याच्या हिशोबाचं बिल)... एका शेतकऱ्याचा हिशोब पुरा करायचा तर प्रोग्रामच्या इतक्या पॅनलमधून, म्हणजे पानांमधून जावं लागतं. प्रत्येक पान त्याच्या नावाच्या टॅबवर क्लिक केलं की उघडतं. अशा अडत दुकानांसाठी मी जावा भाषेच्या स्विंगमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या तिच्या संचात, प्रोग्राम लिहितो. माझं ठाम मत आहे की टॅबनं आपली जागा कधीही सोडू नये.

स्विंगच्या जेटॅब्डपेनमध्ये, म्हणजे टॅबवाल्या चौकटीत, टॅब मुळात वरच्या बाजूला असतात आणि रुंदीत मावले नाहीत की दुसरी, तिसरी ओळ तयार होते. प्रोग्रामला विंडोजचा लूक (रंगरूप) लावला असेल तर खरी पंचाईत पुढे होते. मागच्या ओळीतल्या 'उचल'वर क्लिक केलं की ती अख्खी ओळच खाली पॅनलला येऊन चिकटते आणि 'पट्टी' जिथं होती तिथून वर जाते. दिवाणजी टॅबचं नाव वाचत नाहीत, त्यांचा हात जागा ओळखतो. शेतकरी समोर उभा, ट्रकवाला दारात हॉर्न वाजवतोय, अशा वेळी त्यांनी टॅब शोधत बसायचं का?

जावा 1.4 पासून टॅब एकाच ओळीत ठेवून बाणानं सरकवायची सोय आहे. ती मला पटत नाही. जो टॅब दिसत नाही, तो कामाच्या घाईत नसल्यातच जमा.

म्हणून मी सेट-टॅब-प्लेसमेंट या आज्ञेनं टॅब डावीकडे नेले. अक्षरं आडवीच राहतात, सगळ्यात लांब नावाच्या मापानं सगळे टॅब सारख्या रुंदीचे होतात आणि खतावणीच्या पानासारखी एकाखाली एक यादी दिसते. 1366 बाय 768 च्या स्क्रीनवर रुंदी भरपूर, उंची तोकडी. वर टॅबच्या तीन ओळी लावल्या तर पट्टीतल्या तेवढ्या नोंदी दिसेनाशा होतात. जुने चौकोनी मॉनिटर अजून टिकून आहेत तिथं मात्र टॅब वरच ठेवतो. टॅब रेखाटणाऱ्या बेसिक-टॅब्डपेन-यूआयपासून आपला क्लास काढायचा आणि ओळी फिरवायच्या का हे सांगणाऱ्या शुड-रोटेट-टॅब-रन्समधून 'फॉल्स', म्हणजे 'नाही', परत द्यायचं. ओळी जिथल्या तिथं राहतात. विंडोजचा रंगढंग थोडा जातो, तो गेला तरी चालेल.

मराठी नावांना उंचीही जरा जास्त लागते. 'खर्च'चा रफार आणि 'तूट'चा उकार टॅबच्या कडेला घासला की वाचताना त्रास होतो. त्याच क्लासमधल्या, टॅबची उंची ठरवणाऱ्या कॅल्क्युलेट-टॅब-हाइटमध्ये मूळ उंचीत थोडे पिक्सेल वाढवले की अक्षराला श्वास मिळतो. नुसती मोकळीक हवी असेल तर यूआय-मॅनेजरमधल्या (स्विंगच्या रंगरूपाच्या सेटिंगमधल्या) टॅब-इन्सेट्सनीही, म्हणजे अक्षराभोवतीच्या समासानंही भागतं.

ज्या शेतकऱ्याची उचल बाकी आहे त्याच्या वेळी तो टॅब लाल दिसावा, ही मागणी एका दिवाणजींचीच. जावा 6 पासून सेट-टॅब-कंपोनंट-अ‍ॅटनं टॅबवर स्वतःचं लेबल बसवता येतं, ते मी केलं. पण अशा लेबलाला थेट टूलटिप (माउस वर नेला की दिसणारी छोटी सूचना) देऊ नका. टूलटिपमुळे माउसचे इशारे लेबलच अडवतं, टॅबपर्यंत क्लिक पोचत नाही आणि लाल झालेला नेमका तोच टॅब उघडत नाही. टूलटिप सेट-टूलटिप-टेक्स्ट-अ‍ॅटनं टॅबला द्यावी.