मारुतीच्या कमरेला पाणी

आमचा फोटो स्टुडिओ नाशिकला मेन रोडला, जुना. सरांनी सगळे निगेटिव्ह आणि प्रिंट स्कॅन करून घेतले, डिजिटल धरून 40 हजाराच्या आसपास फोटो झाले. एवढे हाताने टॅग करायचे म्हणजे वर्ष गेलं असतं, म्हणून ऑनलाइन सर्व्हिस घेतली. फोटोच्या छोट्या कॉप्या अपलोड करायच्या, मग प्रत्येक फोटोला टॅग येतात आणि शेजारी त्याची खात्री किती ते शंभरपैकी आकड्यात. मी 80 च्या खालचे सगळे टॅग उडवले, कचरा नको म्हणून. लग्न, मुंज, बारसं एकदम छान लागलं.

मग एक दिवस सकाळी सर म्हणाले गोदावरीच्या पुराचे फोटो काढ, वर्षाप्रमाणे, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. सर्च केलं तर फक्त 43! पोटात गोळा आला, कारण शेकड्याने फोटो होते हे मला पक्कं माहीत होतं. शोधत बसले तेव्हा कळलं की भांडी बाजारात पाणी शिरलेले फोटो 'नदी, बाजार, माणसं' म्हणून पडलेत, आणि पुराचा टॅग सर्व्हिसने दिला होता पण 55-60 वर, म्हणजे मीच कापलेला. टॅगची मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून वाचलो, 50 पर्यंत खाली आणलं आणि फोटो धडाधड यायला लागले.

पण वर्ष? स्कॅन केलेल्या सगळ्यांवर स्कॅनचीच तारीख. शेवटी डार्करूमच्या काकांना हाक मारली. ते चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून बसले. दुतोंड्या मारुती बघ पोरी, म्हणाले (म्हणजे गोदाघाटावरची मारुतीची उंच मूर्ती), पाणी गुडघ्याला आहे का कमरेला का गळ्याला, आमचं माप तेच. आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. सर्व्हिसने मारुतीला 'पुतळा' एवढंच म्हटलेलं, 96 खात्रीने.

नुसत्या पाण्यावरून वर्ष कळत नाही ना, तर काका माणसं बघायचे. पुलावर ओळीने सगळ्यांचे हात वर, हातात मोबाईल, हा 2016. पूर तेवढाच पण हातात नुसत्या छत्र्या, हा 2008. मी दोन्ही फोटो मोठे करून बघितले, खरंच तसंच होतं, एका पोराने तर मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून धरलेला.

दुपारपर्यंत आम्ही आमचे टॅग बनवले, मारुती-गुडघा, मारुती-कंबर, मारुती-गळा, मारुती-बुडाला. शेवटी एक ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट आली, मारुती कुठेच नाही, नुसतं पाणी. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एकोणसत्तर. मी सहावीत होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून हेच बघितलंय.

तेवढं मी त्या फोटोच्या माहितीत टाईप केलं, त्यांच्याच शब्दांत.