कंपनी फिटिंग

दिवाळीला पैठणला आलो तेव्हा बॅगेत काकांसाठी स्वेटर होता आणि त्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला बोटीचा पंखा. दोन पात्यांचा, स्टीलचा. काकांचं सारं आयुष्य पाण्याच्या मोटारी आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलंय. त्यांनी स्वेटर बाजूला ठेवला, पंखा उचलला आणि पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवत विचारलं, "ह्याच्यावर किती पळती बोट?"

"ताशी शंभर किलोमीटरच्या वर."

"आन इंजिन?"

"चारशे सीसीच्या आसपास. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक."

"मंग आत काहीतरी केलं असशील. हेड घासलं? पोर्ट वाढवले?"

"काहीच नाही काका. कंपनी फिटिंग."

काकांना ते पटेना. त्यांना जे समजावून सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण गावाकडून बऱ्याच जणांनी माझे बोटींच्या शर्यतीतले फोटो बघून विचारलं की हा श्रीमंतांचा खेळ तुला परवडतो कसा.

मी विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळ राहतो. नॉर्वेहून आलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली याच शहरात बोटीच्या मागं अडकवायची मोटर विकायला काढली. तळ्याच्या पलीकडून होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणताना वल्हवता वल्हवता ते वितळलं, त्यातून ही मोटर सुचली अशी गोष्ट इकडं सगळे सांगतात. अशाच मोटारी लावलेल्या छोट्या लाकडी बोटींच्या शर्यती उन्हाळ्यात तळ्यातळ्यांवर होतात. त्या भरवणारी अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन 1903 सालची आहे.

यात स्टॉक नावाचा विभाग आहे. कारखान्यातून इंजिन जसं निघालं तसंच पळवायचं. पोर्टला, म्हणजे सिलिंडरच्या भोकांना, कानस लावायची नाही, कार्बोरेटरचं भोक वाढवायचं नाही. शर्यत संपली की बोट चालकासकट वजनकाट्यावर चढते. ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरली तर निकाल गेला, म्हणून सडपातळ माणसं बोटीत शिसं बांधतात. मग तपासनीस इंजिन उघडतो आणि व्हर्नियर, गेज लावून एकेक माप घेतो. शंकरपटात जोडी उतरवण्याआधी बैलाचे दात बघतात ना, तसंच. आदतच्या, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या बैलांच्या, गटात चार दाती बैल घुसवता येत नाही. पैसेवाल्याला इंजिनात पैसा ओतायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून माझ्यासारख्या पगारी माणसाला त्याच्या शेजारी उभं राहता येतं. माझी जुनी बोट, जुनं इंजिन आणि ट्रेलर मिळून एका बऱ्यापैकी सेकंडहँड कारपेक्षा कमी पैशात आलं.

माझ्या गटातली पुष्कळ इंजिनं जपानी यामातो आहेत. जपानमध्ये 1952 पासून बोटींच्या शर्यतींवर सरकारमान्य पैज लागते. तिथं बोट आणि इंजिन दोन्ही शर्यतीच्या मैदानाची असतात आणि चालकाला चिठ्ठी काढून मिळतात. मला ती पद्धत फार आवडते. इतका स्वच्छ न्याय मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही.

ज्याला सुरुवात करायची त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: बोट घ्यायची घाई करू नका. पहिला उन्हाळा मी पाण्यात उभा राहून काढला. या इंजिनांना न्यूट्रल नसतं. दोरी ओढून इंजिन चालू झालं की पंखा फिरलाच. म्हणून एकजण छातीपर्यंतचे रबरी बूट घालून कमरेएवढ्या पाण्यात बोटीचं मागचं तोंड उचलून धरतो. चालक गुडघ्यांवर बसतो, दोरी ओढली जाते, कानाशी इंजिन किंचाळतं, हातांना मुंग्या येतात, पंखा हवेत गरगरत असतो. चालकानं मान हलवली की सोडायचं. तोंडावर पाण्याचा फवारा येतो आणि बोट गेलेली असते. असं शंभरदा केल्यावर कोणाचं इंजिन किती उंचीवर बसवलंय, किती तिरपं आहे, कोणता पंखा कोणत्या पाण्यात चालतो हे सगळं नुसतं बघून कळायला लागलं. सगळ्यांची इंजिनं सारखी असतील तर शर्यत इथंच जिंकली जाते. जुनी बोट कोणाची घ्यावी तेही इथंच कळलं.

सुरक्षेच्या सामानावर काटकसर करायची नाही. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पंख्यानं अंग कापू नये म्हणून केव्हलारचे कपडे, आणि चालक बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद करणारी दोरी. थ्रॉटलही असा असतो की हात सुटला की गॅस बंद.

सुरुवात उभ्याउभ्या होत नाही. बोटी आधीच पाण्यात फिरत असतात आणि किनाऱ्यावर मोठं घड्याळ शेवटचा मिनिट मोजत असतं. काटा शून्यावर यायला आणि बोट रेषेवर यायला एक गाठ पडली पाहिजे, तीही भरधाव वेगात. आधी ओलांडली तर ती फेरी बाद. माझी पहिली फेरी अशीच गेली आणि रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या शर्यतीत मी मागं राहून दोन्ही फेऱ्यांत तिसरा आलो. दर फेरीत पहिल्याला 400 गुण, दुसऱ्याला 300, तिसऱ्याला 225. दोन तिसरे म्हणजे 450. एक फेरी जिंकून दुसऱ्या फेरीत बाद झालेला गडी 400 वर राहिला, माझ्या मागं.

काकांनी हे सगळं ऐकलं. संध्याकाळी आम्ही जायकवाडी धरणाकडं गेलो. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा काका लहान होते. भोयांच्या होड्या परतत होत्या. काकांनी विचारलं, "इथं का नाय होत अशी शर्यत?" मी म्हणालो, इथं नको. धरणाचा जलाशय, नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, रोहित पक्षी उतरतात, तिथं हा आवाज नकोच. पण मराठवाड्यातल्या एखाद्या पोरानं कुठल्याही पाण्यावर हे इंजिन ओढावं असं मला मनापासून वाटतं. इंजिनाची जाण असलेले हात आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत.

घरी आल्यावर काकांनी पंखा फरशीवर पालथा ठेवला, डोळा फरशीला टेकवला आणि दोन्ही पात्यांखाली पोस्टकार्ड सरकवून बघितलं. एका पात्याखालून ते गेलं, दुसऱ्याखाली अडलं.

"हे घासायला चालतं का तुमच्या नियमात?"

"माझ्या गटात पंख्याला चालतं."

काका चष्मा शोधायला उठले.